प्रोफेशनल फोटोसाठी काय घालायचं: आधी गळा आणि खांदा, मग रंग

ऑफिसातून मेल येतो, "वेबसाइटसाठी सगळ्यांचे फोटो हवेत, गुरुवारी फोटोग्राफर येणार आहेत," आणि बुधवारी रात्री कपाट उघडलं जातं. हिंजवडीतली कंपनी असो, कर्वे रोडवरचं क्लिनिक असो, नाहीतर सदाशिव पेठेतलं सीएचं ऑफिस, सगळीकडे हेच होतं. मी पुण्यात पोर्ट्रेट काढते. फोटोच्या आधी मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न म्हणजे "कोणता रंग घालू?" रंगाला महत्त्व आहेच, त्याबद्दल पुढे बरंच लिहिलंय. पण छातीपासून वरच्या फोटोत कपड्यांपैकी दिसतं काय? गळा, दोन खांदे आणि बाहीचा थोडासा भाग. चेहरा उठून दिसणार की नाही, हे या वीतभर जागेत ठरतं. म्हणून आधी गळा आणि खांदा बघा, मग रंग. ब्रँड आणि किंमत सगळ्यात शेवटी. महागड्या ब्लेझरचा खांदा उतरलेला असेल, तर कडक इस्त्रीचा साधा सुती शर्ट त्याच्यापेक्षा कितीतरी चांगला दिसतो.

जमलं तर आठवडाभर आधी तयारीला लागा. त्यातलं प्रत्यक्ष काम तासा-दोन तासांचंच असतं, बाकीचा वेळ टेलर आणि इस्त्रीवाल्यासाठी हाताशी ठेवायचा.

आधी फोटोग्राफरला विचारा

तीन गोष्टी विचारून घ्या. फोटो कुठपर्यंत कापला जाणार: छातीपर्यंत, कमरेपर्यंत की पूर्ण? मागे कोणता रंग असणार? आणि फोटो शेवटी कुठे लागणार?

लिंक्डइनवर फोटो गोलात दिसतो. चारही कोपरे जातात, खांद्यांच्या बाहेरच्या कडाही जातात आणि चेहऱ्याखाली जेमतेम गळा उरतो. कंपनीच्या वेबसाइटवर सगळ्यांच्या फोटोंना एकच पार्श्वभूमी असते, त्यामुळे मागे राखाडी असेल आणि तुम्हीही राखाडी सूट घातलात, तर खांद्याची रेषाच हरवते. पुस्तकाच्या मलपृष्ठासाठी किंवा व्याख्यानाच्या पोस्टरसाठी फोटो हवा असेल, तर तो कृष्णधवलही छापला जाऊ शकतो. तिथे रंगापेक्षा गडद-फिक्यातला फरक कामाला येतो. पासपोर्टचं गणित वेगळं. तिथे पार्श्वभूमी पांढरी लागते, म्हणून पांढरा शर्ट घालून गेलात की खांदे मागच्या पांढऱ्यात मिसळून जातात. त्या फोटोसाठी गडद आणि साधं काहीतरी घाला आणि प्रोफाइलच्या फोटोची सांगड त्याच्याशी घालू नका.

आरशावर विसंबू नका, खिडकीपाशी फोटो काढून बघा

कपाटातून चार-पाच पर्याय बाहेर काढा. नवं घ्यायचा विचार अजून नको. सकाळी नऊ-दहाच्या सुमाराला, थेट ऊन येत नसलेल्या खिडकीकडे तोंड करून उभे राहा आणि खोलीतली ट्यूब बंद करा. ट्यूबचा आणि दिवसाचा उजेड एकत्र आला की कपड्याचा खरा रंग कळत नाही. मोबाइल डोळ्यांच्या उंचीवर ठेवा, मागचा कॅमेरा वापरा, दोन मीटर अंतर ठेवा आणि झूम दुप्पट करा. हात लांब करून काढलेल्या सेल्फीत नाक मोठं आणि खांदे अरुंद दिसतात, त्यावरून कपड्यांची पारख होत नाही. घरातल्या कुणालातरी फोटो काढायला सांगा, नाहीतर टायमर लावा.

प्रत्येक कपड्यात दोन फोटो काढा, एक उभ्याने आणि एक बसून. बसलं की शर्ट पोटापाशी फुगतो, ब्लेझरची कॉलर मानेमागे वर चढते, कुर्त्याचा गळा पुढे लोंबतो. आरशासमोर ताठ उभं राहिल्यावर यातलं काहीच दिसत नाही. सगळे फोटो काढून झाले की ते गॅलरीत अंगठ्याच्या नखाएवढे लहान करा आणि डोळे किलकिले करून बघा. नजर आधी चेहऱ्यावर गेली तर तो कपडा ठेवा. शर्टावर, ओढणीवर किंवा काठावर गेली तर बाजूला काढा. मैत्रिणींच्या ग्रुपवर मतं मागवण्यापेक्षा ही कसोटी जास्त खरी, कारण मत देणारा कपडा आवडला की नाही ते सांगतो आणि आपल्याला चेहरा दिसतोय का ते बघायचंय.

खांदा, कॉलर, बसणं

खांद्याची शिवण खांद्याच्या हाडाच्या टोकावर यायला हवी. ती दंडावर उतरली की माणूस उसन्या कपड्यात उभा असल्यासारखा दिसतो, आणि भावाचा ब्लेझर घालून आलेल्यांच्या बाबतीत ते खरंच असतं. शिवण आत सरकली तर बाहीला आडव्या चुण्या पडतात. शर्ट बाजूंनी ढगळ असेल तर टेलर तो सहज आत घेऊन देतो, बाहीची लांबीही कमी करून देतो. खांद्याचं काम मात्र बाही उसवून करावं लागतं. ते वेळखाऊ असतं आणि दरवेळी जमतंच असं नाही. म्हणून खांद्यात न बसणारा कपडा सोडून द्या. बाजूंनी ढगळ असलेला घ्या आणि पेठेत किंवा तुमच्या भागात अल्टर करून देणाऱ्या टेलरकडे टाका. गणपती ते दिवाळी आणि लग्नसराईत हे लोक मान वर काढत नाहीत, तेव्हा तारीख आधी ठरवून घ्या.

कॉलरबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण फोटोत चेहऱ्याला सगळ्यात जवळ तीच असते. वरचं बटण लावल्यावर मान आणि कॉलर यांत दोन बोटं सहज जायला हवीत. कॉलरच्या आत बकरम, म्हणजे तिला ताठ ठेवणारं कडक कापड असतं. बऱ्याच धुण्यांनंतर ते कापडापासून सुटतं आणि कॉलरवर बारीक फुगे येतात. घरातल्या उजेडात ते जाणवत नाहीत. स्टुडिओतला दिवा एका बाजूने पडतो, तेव्हा प्रत्येक फुग्याची सावली दिसते. अशी कॉलर कितीही इस्त्री करा, सपाट होत नाही, तो शर्ट रोजच्या वापराला ठेवा. चांगल्या कॉलरला इस्त्री करताना ती उलटी धरून टोकांकडून मध्याकडे जा. मध्यापासून टोकाकडे गेलात तर कापड टोकाशी गोळा होतं आणि तिथे कायमची चुणी बसते. कॉलरखाली पट्ट्या घालायची खाच असेल तर पट्ट्या घाला, कॉलरची टोकं वर वळत नाहीत. वरचं एक बटण उघडं ठेवणार असाल तर दुसऱ्या बटणापाशी शर्ट फाकतोय का ते बसून बघा. आत बनियान असेल तर ती खोल गळ्याची आणि अंगाच्या रंगाच्या जवळची असावी. पांढऱ्या शर्टातून दिसणारी पांढरी बनियान कॅमेरा हमखास पकडतो.

गळ्याच्या आकाराबद्दल एवढंच लक्षात ठेवा: मान आखूड असेल किंवा चेहरा गोल असेल तर उघडी कॉलर किंवा व्ही गळा चेहऱ्याला उंची देतो. मान लांब असेल तर बंद गळा, स्टँड कॉलर किंवा नेहरू जॅकेट शोभून दिसतं. गळा इतका खोल किंवा रुंद नको की छातीपर्यंत कापलेल्या फोटोत कपडा जवळपास दिसणारच नाही.

रंग: कॅमेरा काय बघतो

मध्यम ते गर्द छटा बहुतेक सगळ्यांना साथ देतात: गर्द निळा, मोरपिशी, वांगी, आमसुली, डाळिंबी, शेवाळी, गर्द राखाडी. या रंगांपुढे चेहरा चौकटीतली सगळ्यात उजळ जागा ठरतो आणि नजर तिकडेच जाते.

शुभ्र पांढऱ्याची अडचण समजून घ्या. मोबाइल किंवा ऑटोवर ठेवलेला कॅमेरा चौकटीतला एकूण उजेड मोजून फोटो किती उजळ करायचा ते ठरवतो. अर्धी चौकट पांढऱ्या कपड्याने भरली की त्याला उजेड जास्त वाटतो, तो फोटो खाली आणतो आणि चेहरा काळवंडतो. अनुभवी फोटोग्राफर हे सांभाळून घेतो, पण इस्त्रीच्या रेषा, शिवण, कापडाचा पोत हे पांढऱ्यातून पुसलं जाण्याची भीती राहतेच. पांढरंच हवं असेल तर मोतिया छटा घ्या किंवा वर जॅकेट घाला, म्हणजे पांढऱ्याचा फक्त गळ्यापाशी एक त्रिकोण उरतो.

काळ्याची अडचण याच्या उलट. बाहीची घडी, जॅकेटची कड, मोकळे सोडलेले काळे केस, सगळं एकच गठ्ठा होतं. शिवाय काळ्यावर धागे, कोंडा, मांजराचे केस स्पष्ट दिसतात. मागे हलका रंग असेल तर काळं चालतं, मागेही गडद असेल तर नको.

भगवा, लालभडक, झेंडूसारखा पिवळा, पोपटी हे रंग उजेड परत फेकतात आणि त्यांची झाक हनुवटीखाली आणि जबड्यावर पडते. पोपटी कुर्त्यातला माणूस आजारी दिसतो तो यामुळेच. हे रंग आवडत असतील तर चेहऱ्यापासून लांब ठेवा: साडीच्या काठात किंवा जॅकेटच्या खिशातल्या रुमालात. बदामी किंवा फिकट तपकिरी रंग गव्हाळ कांतीच्या इतका जवळ येतो की गळा कुठे संपला आणि कपडा कुठे सुरू झाला ते कळत नाही.

आणि एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. सावळ्या माणसाने फिकटच घालावं, हा घरोघरी दिला जाणारा सल्ला फोटोच्या बाबतीत साफ चुकीचा आहे. वर सांगितलेली पांढऱ्याची अडचण सावळ्या चेहऱ्याला सगळ्यात जास्त भोवते. डाळिंबी, मोरपिशी, राणी, चिंतामणी हे रंग सावळ्या कांतीवर असे काही खुलतात की फोटोग्राफरलाही काम करायला हुरूप येतो. माझ्याकडे एक प्राध्यापिका आल्या होत्या. आईने फिकट गुलाबी कुर्ता बॅगेत घातला होता आणि अंगावर रोजची वांगी रंगाची सुती साडी होती. दोन्ही कपड्यांत फोटो काढले आणि शेजारी शेजारी ठेवून दाखवले. गुलाबीत चेहरा निस्तेज दिसत होता आणि वांगी साडीत डोळे बोलत होते. विद्यापीठाच्या पानावर साडीतलाच फोटो गेला.

बारीक रेघा आणि चौकडे

शर्टिंगमधल्या अगदी बारीक रेघा आणि बारीक चौकडे टाळा. कॅमेऱ्याच्या सेन्सरवर बारीक ठिपक्यांची जाळी असते. कापडावरची बारीक जाळी तिच्यावर आली की शर्टावर पाण्यासारख्या रंगीत लाटा उमटतात. त्याला मॉइरे म्हणतात. फोटो लहान केल्यावर हा प्रकार पुन्हा उद्भवू शकतो, आणि प्रोफाइल फोटो तर लहान होणारच असतो. नंतर तो काढून टाकणं किचकट काम आहे. खिडकीपाशी काढलेला फोटो लहान-मोठा करून बघा, लाटा लगेच कळतील. खणाच्या कापडावरची दाट बारीक बुट्टीही अशीच तपासून घ्या. मोठी चौकड, एखाद-दुसरी रुंद रेघ, खादीचा खरखरीत पोत यांचा काही त्रास नाही. खादी आणि जाडसर सुती कापड तर मला फार आवडतं, उजेड त्यावर मऊ पसरतो. साटिन आणि चकचकीत पॉलिस्टर खांद्यावर पांढरे डाग पाडतात. छातीवर अक्षरं किंवा लोगो नको, डोळा आधी वाचायला जातो.

साडी नेसणार असाल तर

फोटोसाठी पैठणी काढण्याचा मोह होतो. पण पदर डाव्या खांद्यावरून मागे जातो आणि पैठणीतला मोर पाठीवर राहतो. छातीपर्यंतच्या फोटोत तो येतच नाही. पुढे दिसतो तो अंगाचा रंग आणि खांद्यावरचा काठ, आणि जरीचा काठ रुंद असेल तर दिव्याखाली तो चेहऱ्यापेक्षा जास्त चमकतो. म्हणून अंग गर्द आणि काठ अरुंद अशी साडी निवडा. इरकल, नारायणपेठ, महेश्वरी यांतली अरुंद काठाची साडी बघा, ती खांद्यावर छान बसते. चंदेरी पारदर्शक असते, आतलं ब्लाउज आणि पिना दिसतात, तेव्हा आधी उजेडात बघा.

पदराच्या निऱ्या तीन-चार बोटांच्या, एकसारख्या घ्या आणि पिन खांद्याच्या मागच्या बाजूला, ब्लाउजच्या शिवणीवर लावा. पिन पुढे लावली तर ती चमकते आणि काठ ओढला जातो. नव्या सुती साडीला खळ असते, ती खांद्यावर ताठ उभी राहते आणि खांदा रुंद दिसतो. एकदा धुतलेली साडी नेसा, नाहीतर फोटोच्या आधी तासभर नेसून वावरा. ब्लाउजची बाही दंडाच्या मध्यावर संपत असेल तर नजर तिथे थांबते. कोपरापर्यंतची बाही फोटोत जास्त शांत दिसते.

मंगळसूत्र, टिकली, कुंकू यांबद्दल मी कुणाला काही सांगत नाही. रोज जे घालता ते घाला. फक्त मंगळसूत्र पदरावर सरळ आहे ना आणि हूक पुढे आलेला नाही ना, ते बघा. कानातलं लहान आणि न हलणारं बरं. ओढणी घेणार असाल तर दोन्ही खांद्यांवर पिना लावा किंवा सरळ काढून ठेवा, गळ्यापाशी गोळा झालेली ओढणी मान झाकते.

व्यवसायाचा पोशाख

वकिलांचा काळा कोट आणि पांढरा बँड म्हणजे एकाच चौकटीत दोन टोकं. फोटोग्राफरला आधी कळवा आणि बँड नवा किंवा खळ घालून इस्त्री केलेला आणा, पिवळसर झालेला बँड काळ्या कोटावर लपत नाही. डॉक्टरांनी पांढऱ्या एप्रनच्या आत आकाशी किंवा गर्द रंगाचा शर्ट, कुर्ता किंवा ब्लाउज घालावं, म्हणजे गळ्यापाशी रंग येतो. एप्रनच्या खिशातली पेनं आणि शाईचे डाग तपासा. आयटीतल्या लोकांना टायची गरज क्वचितच पडते. उघड्या कॉलरचा शर्ट आणि नीट बसणारा ब्लेझर पुरतो. बँकेत किंवा हॉटेलच्या क्षेत्रात असाल तर टाय लावा, गाठ कॉलरला भिडलेली हवी. ज्या कपड्यात अशील, रुग्ण किंवा ग्राहक तुम्हाला भेटणार आहेत, त्याच्या जवळपास राहा.

बाहेर फोटो काढायचा असेल

विद्यापीठाच्या किंवा फर्ग्युसनच्या आवारात काढायचा असेल तर परवानगीचं आधी बघा. जुन्या दगडी इमारतींचा काळसर बेसाल्ट मागे असेल तर गर्द निळा आणि गर्द राखाडी त्यात बुडतात. तिथे आकाशी, अबोली, मोतिया रंग उठून दिसतात. मागे झाडी असेल तर हिरवं नको, आणि हिरवळीवर बसणार असाल तर खालून हिरवी झाक चेहऱ्यावर येते. ऊन चढायच्या आत किंवा उतरल्यावर काढा.

विकत घ्यायचंच असेल तर

लक्ष्मी रोड, कॅम्पातला एमजी रोड, किंवा कापड घेऊन शिवायचं तर रविवार पेठ. सकाळी जा. पेठेतली काही दुकानं दुपारी बंद असतात आणि आपल्याला दिवसाचा उजेडही हवा असतो. दुकानातल्या दिव्यांखाली वांगी रंग काळा वाटतो आणि मोरपिशी नुसता निळा. "जरा दारात बघते हं," असं म्हणून कापड उजेडात न्या, गळ्यापाशी धरा आणि तिथेच मोबाइलवर एक फोटो काढा. नवा शर्ट एकदा धुवून घालून बघा. पुड्यातून काढलेल्या शर्टावर घड्यांच्या रेषा असतात, आणि सुती कापड पहिल्या धुण्यात आटलं तर कॉलर घट्ट होते.

आदल्या दिवशी आणि त्या दिवशी

इस्त्रीवाल्याला सांगा, "घडी नको, हँगरवर द्या." घडी घातलेल्या शर्टाला छातीवर उभी रेष पडते आणि ती बरोबर चौकटीत येते. केस कापायचे तर आठवडाभर आधी कापा, थ्रेडिंग दोन दिवस आधी, लाली उतरायला वेळ मिळतो. चष्मा रोजचा असेल तर तोच घाला, काचा पुसून. उन्हात काळ्या होणाऱ्या काचा असतील तर आत आल्यावर त्या साफ व्हायला काही मिनिटं लागतात आणि बाहेरच्या फोटोत त्या काळ्याच राहतात, तेव्हा साध्या काचांचा जुना चष्मा जवळ ठेवा.

पुण्यात निम्मी मंडळी दुचाकीवरून येतात. हेल्मेटने केस चपटे होतात, स्कार्फने कपाळावर वळ उठतो, सॅकचा पट्टा खांद्यावर आडवी घडी पाडतो. पावसाळ्यात वरून रेनकोट, मग तर कॉलरचं काही खरं नसतं. टीशर्टवर या, कपडे हँगरवर प्लॅस्टिकच्या कव्हरमध्ये आणा आणि तिथे पोहोचल्यावर बदला. चारचाकीतून आलात तरी सीटबेल्टची रेष छातीवर येते, हे लक्षात असू द्या. पंधरा-वीस मिनिटं आधी पोहोचा, घाम सुकू द्या. बॅगेत कंगवा, टिश्यू, चार-पाच सेफ्टी पिना आणि रुंद चिकटपट्टी ठेवा. गडद कपड्यावरचे धागे पट्टीने चटकन निघतात.

दोन जोड आणले असतील तर कॉलरचा किंवा ब्लेझरचा आधी घाला, तो सगळ्यात लवकर चुरगळतो. साडी नंतर. ब्लेझर घालून बसताना त्याची मागची कड खाली ओढून तिच्यावर बसा, खांदे वर चढत नाहीत. शर्ट ढगळ वाटला तर फोटोग्राफर पाठीमागे चिमटे लावून तो आवळतो. त्यात संकोच वाटू देऊ नका, ते रोजचं आहे. पहिले चार-पाच फोटो झाले की थांबा आणि कॅमेऱ्याच्या पडद्यावर कॉलर आणि खांदा मोठा करून दाखवायला सांगा. वळलेलं टोक, पुढे आलेली पिन, दिसणारा पट्टा, चष्म्यातली चमक, जे काही असेल ते तिथेच नीट करून घ्या आणि मग पुढचे फोटो काढा.